गोव्यात पहिला फ्लॅट घेताना वस्ती कशी पारखावी

गोव्यात मुंबई-पुण्यासारखे एकच मोठे शहर नाही. पणजी, तिच्या भोवतालची ताळगाव, मेरशी, सांताक्रूझ, रायबंदर व बांबोळी, मांडवीपलीकडची पर्वरी आणि थोड्या अंतरावरची म्हापसा, मडगाव, वास्को व फोंडा ही सगळी मिळून नोकरदार माणसाचे एक विखुरलेले शहर तयार होते. त्यामुळे घर एका तालुक्यात, कचेरी दुसऱ्यात आणि मुलांची शाळा तिसऱ्यात, अशी विभागणी येथे सर्रास आढळते. पहिला फ्लॅट घेणाऱ्याने म्हणूनच किती खोल्या आणि कोणता मजला हे ठरवण्याआधी वस्ती ठरवावी. फरशी, ओटा, खिडक्या पुढे पैसे साठवून बदलता येतात. जमिनीची उंची, नळाला पाणी येण्याची वेळ आणि शेजार मात्र जसा मिळाला तसाच स्वीकारावा लागतो.

दलाल बहुधा नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात फ्लॅट दाखवतात, कारण तेव्हा हवा कोरडी असते, भिंती नव्याने रंगवलेल्या असतात आणि रस्ते चांगले असतात. माझे आग्रहाचे सांगणे असे की कोणतीही वस्ती तिच्या सर्वांत वाईट महिन्यात पाहावी, म्हणजे जुलैत एकदा आणि मे महिन्यात एकदा. व्यवहाराची घाई असेल आणि तितके थांबणे शक्य नसेल, तर त्या दोन महिन्यांची चौकशी तरी वस्तीतल्या जुन्या रहिवाशांकडे करावी.

जुलैत पाहायचे ते जमिनीची उंची आणि पाण्याची वाट. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. पर्वरी, बांबोळी, ताळगावचा वरचा भाग आणि दोनापावल हे चिऱ्याचे सडे, म्हणजे उंच खडकाळ पठारे आहेत, त्यामुळे तेथे पाणी उताराने निघून जाते. याउलट मांडवी, जुवारी आणि त्यांच्या उपनद्यांच्या काठच्या खाजन जमिनी भरतीच्या पातळीपेक्षा खाली असून, बांध आणि मानस (बांधातली पाण्याची झडप) यांच्या जोरावर त्या शेकडो वर्षे टिकून आहेत. मानशीची दारे ओहोटीला उघडतात आणि भरतीला मिटतात. म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुसळधार पाऊस आला, की वरून आलेल्या पाण्याला नदीत जायला वाट उरत नाही. मेरशी, सांताक्रूझ आणि ताळगावच्या सखल भागांत शेताला लागून असलेली इमारत पाहताना तिच्याखाली पूर्वी काय होते, हे विचारलेच पाहिजे. पणजीतही मळा आणि अठरा जून रस्त्याच्या परिसरात पाणी तुंबते, ही गोष्ट तेथे राहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे.

ही पाहणी करायला अभियंता असण्याची गरज नाही. पार्किंगमधल्या खांबांकडे निरखून पाहावे. जमिनीपासून वीतभर किंवा हातभर उंचीवर सगळ्या खांबांवर एकाच पातळीत मळकट रेघ दिसत असेल, तर पाणी तेथवर आलेले आहे. रंग ताजा आणि फक्त खालच्या भागातच दिला असेल, तर संशय अधिक घ्यावा. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साचते का आणि ते उपसायला पंप बसवला आहे का, हे वॉचमनला विचारावे. पाण्याची मोटर आणि विजेचे मीटर मुद्दाम उंच ओट्यावर हलवलेले दिसले, तर त्यामागे काही अनुभव असणारच. मिरामार-करंझाळेसारख्या समुद्राजवळच्या भागात आणखी एक गोष्ट पाहावी: छज्जाच्या खालच्या बाजूला सिमेंट सुटून गंजलेली सळई उघडी पडली आहे का. खारी हवा सळईला लवकर खाते, आणि त्या दुरुस्तीचा खर्च पुढे सगळ्या सदनिकाधारकांवर येतो.

मे महिन्यात प्रश्न येतो तो नळाचा. तिसवाडी आणि फोंड्याला ओपा प्रकल्पाचे, बार्देशला मुख्यतः अस्नोड्याचे आणि दक्षिणेला साळावली धरणाचे पाणी मिळते. तिळारीच्या कालव्यात बिघाड झाला की त्याची झळ पर्वरीपर्यंत पोहोचते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये खांडेपारजवळ ओपाची जलवाहिनी फुटली, तेव्हा पणजी आणि फोंड्याच्या लोकांना भर पावसाळ्यात अनेक दिवस नळाच्या पाण्यावाचून काढावे लागले. तेव्हा पाणी येते का, एवढेच विचारून थांबू नये. किती वाजता येते, किती वेळ टिकते, भूमिगत टाकी किती लिटरची आहे आणि गेल्या उन्हाळ्यात टँकरवर किती खर्च झाला, हे सोसायटीच्या हिशेबाच्या वहीतून पाहावे. सांडपाण्याचेही तसेच आहे. पणजी, मडगाव आणि वास्कोच्या काही भागांत मलनिःसारण वाहिन्या आहेत, इतरत्र बहुतेक ठिकाणी सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा यांवरच भागवावे लागते. दाट वस्तीत, पावसाळ्यात भूजल वर आल्यावर शोषखड्डा भरून वाहतो, आणि तळमजल्यावर राहणाऱ्याला त्याचा त्रास सर्वांत आधी होतो.

रोजच्या प्रवासात किलोमीटरपेक्षा पूल महत्त्वाचे. म्हापसा ते पणजी हे अंतर अवघे तेरा किलोमीटर आहे, पण पर्वरीचा महामार्ग आणि मांडवीवरील पूल यांत सकाळचा किती वेळ जातो, ते कामाच्या दिवशी, कामाच्या वेळी स्वतः जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. जुवारीवरचा नवा पूल डिसेंबर २०२२ मध्ये वाहतुकीला खुला झाल्यापासून वेर्णा औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्याला बांबोळीकडचे घर पूर्वीपेक्षा सोयीचे झाले आहे. पती-पत्नी दोघेही नोकरी करत असतील, तर दोघांच्या कचेऱ्या नदीच्या कोणत्या काठाला आहेत हे पाहून, शक्यतो दोघांपैकी एकालाच पूल ओलांडावा लागेल असे घर निवडावे. दुचाकी नसलेल्या ज्येष्ठांसाठी कदंब या राज्य परिवहन महामंडळाची शटल बस जेथून पायी गाठता येते ती वस्ती केव्हाही बरी. बांबोळीचे गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे इस्पितळ), म्हापसा व मडगावचे जिल्हा इस्पितळ आणि मुलांना मराठी प्राथमिक शाळा हवी असल्यास ती किती जवळ आहे, हेही त्याच फेरीत पाहून घ्यावे.

यानंतरचा मुद्दा शेजाराचा, आणि मला तो सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. कांदोळी, कळंगुट, हणजूण या किनारी गावांत, आणि अलीकडे पर्वरी-दोनापावलच्या काही संकुलांतही, बरेच फ्लॅट बाहेरगावच्या लोकांनी सुट्टीसाठी किंवा पर्यटकांना भाड्याने देण्यासाठी घेतलेले असतात. अशा इमारतीत वर्षभर राहणारी कुटुंबे मोजकीच उरतात. सोसायटीच्या बैठकीला गणसंख्या भरत नाही, देखभालीची वर्गणी थकते, लिफ्ट बंद पडली तर निर्णय घ्यायला कोणी नसते, आणि हंगामात दर आठवड्याला अनोळखी माणसे जिना चढत असतात. हे ओळखायचे असेल तर पावसाळ्यातल्या एखाद्या साध्या दिवशी, रात्री नऊच्या सुमारास, इमारतीसमोर उभे राहून किती खिडक्यांत दिवे आहेत ते पाहावे. दोरीवर वाळत घातलेले शाळेचे गणवेश आणि दारासमोरची तुळस दिसत असेल, तर तेथे संसार नांदत आहेत असे समजावे. वास्कोत हीच चौकशी वेगळ्या अंगाने करावी लागते: मुरगाव बंदरावरील कोळसा हाताळणीमुळे धूळ येते अशी रहिवाशांची जुनी तक्रार आहे, त्यामुळे बंदराजवळच्या घरात गॅलरीच्या कठड्यावरून बोट फिरवून पाहावे.

समोर हिरवे शेत आहे म्हणून फ्लॅटची किंमत वाढवून सांगितली जाते. ते शेत शेतच राहील का, हे नगरनियोजन खात्याकडे असलेल्या प्रादेशिक आराखडा २०२१ किंवा त्या भागाच्या बाह्य विकास आराखड्यावरून पाहावे, आणि तेवढ्यावरही पूर्ण विसंबू नये, कारण नगरनियोजन कायद्याच्या कलम १७(२) आणि ३९अ खाली जमिनींचे क्षेत्र बदलण्यावरून गोव्यात मोठा वाद झालेला आहे. इमारतीखालच्या जमिनीचा १ आणि १४ चा उतारा, म्हणजे मालक व कूळ यांची नोंद असलेला सरकारी कागद, काढून त्यात कुळाचे नाव आहे का, हे वकिलाकडून तपासून घ्यावे. कूळ कायद्याने कुळाच्या मालकीची झालेली जमीन शेतीखेरीज अन्य कामाला वापरण्यास १९९१ च्या कायद्याने मनाई आहे. रूपांतराची सनद, बांधकाम परवाना आणि पंचायतीचा किंवा पालिकेचा भोगवटा दाखला मूळ प्रतीतच पाहावा. नव्या प्रकल्पाची गोवा रेराच्या (स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावरील नोंद वाचावी, आणि नोंदणीकृत विक्री करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

अंदाजपत्रक ताणले जात असेल, तर माझे मत स्पष्ट आहे: सखल जागेतल्या नव्या, मोठ्या फ्लॅटपेक्षा सड्यावरच्या किंवा जुन्या, नांदत्या वस्तीतल्या लहान आणि वापरलेल्या फ्लॅटला पसंती द्यावी. फातोर्डा, फोंड्याचा कुर्टी परिसर आणि म्हापशाचे जुने वाडे (वस्त्या) येथे असे फ्लॅट विक्रीला येतात. जुना फ्लॅट घेताना गोव्याच्या नागरी कायद्यानुसार विकणाऱ्याच्या पती किंवा पत्नीचीही सही लागते, म्हणून बोलणी सुरू करतानाच दोघांनाही समोर बसवावे. आणि विसार देण्यापूर्वी त्याच इमारतीतल्या, विक्रीशी संबंध नसलेल्या एखाद्या कुटुंबाकडे जाऊन पाणी, पाऊस आणि सोसायटी यांविषयी निवांत बोलून यावे.