लग्नसराईचं केटरिंग: पानांची मोजणी आणि पुढच्या कार्याचं बोलावणं

केटरिंगचं वर्ष पंचांगावर चालतं. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात, पौषात बहुतेक घरं थांबतात, माघापासून पुन्हा धावपळ, आणि आषाढी एकादशीनंतर कार्यालयं ओस पडतात. त्यामुळे नवं पंचांग आलं की मुहूर्त वहीत उतरवा आणि एका दिवशी किती कार्यं झेपतील ते आधीच ठरवा. मुख्य आचारी एकच असेल तर कार्यही एकच घ्या. ऐन वेळी बाहेरचा आचारी आणला की चव बदलते, आणि ज्यांनी तुमची चव आठवून बोलावलं त्यांना ती पहिल्या घासाला कळते.

अधिक महिनाही पाहून ठेवा. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, म्हणजे उन्हाळी हंगामातला ऐन महिना गेला. पण धोंड्याच्या महिन्यात जावयाला ३३ अनारशांचं वाण देतात. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, गूळ घातलेलं पीठ पुढे चार-पाच दिवस मुरवायचं. म्हणून ऑर्डर किमान दहा दिवस आधी बंद करा.

यजमानांचा पहिला प्रश्न ठरलेला: "पानाला काय दर?" आकडा लगेच सांगू नका. पंगत की बुफे, मुहूर्त किती वाजताचा, सकाळच्या नाश्त्याला किती माणसं, ज्येष्ठ आणि लहान मुलं किती, कांदा-लसूण चालतो का, हे विचारल्याशिवाय दराला अर्थ नाही. चव दाखवायची तर चार माणसांचा डबा घरी पाठवा. दुसऱ्याच्या लग्नात नेऊन जेवायला बसवणं दोन्ही घरांना अवघड जातं.

कार्यालय स्वतः जाऊन पाहा. तिथलं बोअरचं पाणी जड असेल तर तुरीची डाळ शिजता शिजत नाही. वरणापुरतं पाणी बरोबर न्या. स्वयंपाकघर खाली आणि जेवणाचा हॉल वर असेल तर लिफ्टमध्ये पातेलं मावतं का, तेही बघा.

१०० पानांच्या नेहमीच्या बेताला साधारण असा शिधा लागतो: मसालेभाताला ६ ते ७ किलो तांदूळ, साध्या भाताला ४, वरणाला अडीच किलो तूरडाळ, सुक्या भाजीला १० किलो बटाटे, श्रीखंड १० किलो, मठ्ठा १५ ते २० लिटर. पुऱ्या माणशी पाच धरल्या तर ५०० होतात. किलोभर कणकेत पन्नासेक निघतात, म्हणजे १० किलो कणीक. ४०० पानांना हेच चौपट करू नका. गोड आणि पुऱ्या पटीतच लागतात, पण भात, भाजी दहा टक्के कमी चालते.

अक्षता पडल्या की निम्मा हॉल एकदम जेवायला उठतो. म्हणून मसालेभात मुहूर्ताच्या अर्धा तास आधी उतरलेला हवा, पुऱ्या मात्र पंगत बसल्यावरच तळायच्या. पंगतीत १५ ते २० पानांमागे एक वाढपी. मठ्ठ्यात बाजारातला बर्फ टाकू नका, मठ्ठ्याचं भांडं बर्फात ठेवा.

संबंध बिघडतात ते चवीवरून कमी आणि मोजणीवरून जास्त. "तुम्ही ४५० लावलेत, माणसं तर ४०० होती" हे वाक्य टाळायचं तर बुफेला ताटं दोघांनी मिळून मोजून काढायची आणि शेवटी उरलेली पुन्हा मोजायची. पंगतीला प्रत्येक पंगतीची पानं मोजून चिठ्ठीवर सही घ्यायची. किमान पानं किती, भटजी, फोटोग्राफर, बँडवाले आणि ड्रायव्हर धरायचे का, पाच वर्षांखालच्या मुलांचं काय, उरलेलं अन्न कोणाचं, हे बुकिंगच्याच दिवशी कागदावर यावं. उरलेला भात तासन् तास बाहेर राहिला असेल तर यजमानांनी मागितला तरी देऊ नका; तो पुन्हा गरम केल्यानेही सुरक्षित होत नाही.

पैसे तीन टप्प्यांत बरे: बुकिंगला चौथाई, किराणा भरताना निम्म्यापर्यंत, बाकी मोजणी झाल्यावर. हिशेबाला यजमानांकडून एकच माणूस ठरवून घ्या, बहुधा एखादा काका किंवा मामा. पाठवणीच्या वेळी वधूच्या बापापुढे बिल धरणारा केटरर त्या घरात पुन्हा जात नाही. १ जानेवारी २०२२ पासून बिलावर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना किंवा नोंदणी क्रमांक लिहिणं सक्तीचं आहे.

दुसऱ्या दिवशी फोन करा, पण "जेवण कसं झालं?" असं विचारलं तर सगळे "छान" म्हणतात. "काय कमी पडलं? काय उरलं?" असं विचारा आणि उत्तर वहीतल्या त्या घराच्या पानावर लिहून ठेवा: तिखट कमी हवं, आजींना मधुमेह, जिलेबी उरली. लग्नामागून डोहाळजेवण येतं, मग बारसं, पहिला वाढदिवस, कधी त्याच घरातली साठीशांत. हे बेत २५ ते ४० पानांचे असतात, नफा फारसा नसतो, आणि मोठे केटरर ते घेत नाहीत. तुम्ही घ्या. चातुर्मासात आचारी आणि पोळ्या लाटणाऱ्या मावश्या टिकून राहतात त्या याच कामांवर. गणपतीत उकडीचे मोदक, दिवाळीत फराळ यांची यादी आधी याच घरांना पाठवायची, आणि फोनवर बोलताना आजींच्या बिनसाखरेच्या पानाची आठवण आपणहून काढायची.