एकट्याने युरोप: ग्रुप टूरचा कार्यक्रम उचलू नका, आणि टाळण्यासारख्या इतर चुका

आपल्याकडे युरोप घरात शिरतो तो बहुतेक वेळा ग्रुप टूरच्या पत्रकातून. बारा दिवस, आठ देश, रोज नवं शहर. मग कुणी एकट्याने जायचं ठरवलं की तेच पत्रक समोर ठेवतो आणि त्यातून फक्त बाकीची माणसं वजा करतो. गणित चुकतं ते इथे. टूरमध्ये बॅग बसच्या पोटात जाते, तिकिटांची काळजी टूर मॅनेजर करतो आणि तुम्ही बाथरूमला गेलात तर शेजारच्या काकू पर्स सांभाळतात. एकट्या माणसाच्या प्रवासात ही सगळी कामं त्याच्याच डोक्यावर येतात. पुढच्या बऱ्याचशा चुकांचं मूळ इथेच आहे.

शहरं मोजता, बदल्या मोजत नाही

पॅरिस ते अॅमस्टरडॅम ही गाडी साधारण साडेतीन तासांची. कागदावर वाटतं, सकाळी पॅरिस, दुपारी अॅमस्टरडॅम. प्रत्यक्षात दहा-अकराला खोली सोडायची, बॅग ओढत पॅरिसच्या गार दू नॉर स्टेशनला पोचायचं, प्रवास करायचा, आणि तिकडची खोली तीनच्या आधी मिळत नाही म्हणून बॅगेसकट ताटकळायचं. दिवस संपला. दोन आठवड्यांत सात शहरं घेतली तर यातले किती दिवस नुसते फलाटांवर जातील, ते बोटांवर मोजा.

माझं मत स्पष्ट आहे: एका शहरात तीन रात्री तरी हव्यात, आणि दोन आठवड्यांत चार शहरं पुरेत. आणखी गावं पाहायची हौस असेल तर बॅग जागेवर ठेवून पाहा. व्हिएन्नाहून ब्रातिस्लाव्हा तासाभरावर आहे, फ्लॉरेन्सहून पिसाही तेवढंच, ब्रसेल्सहून गेंट तर अर्ध्या तासात येतं.

विमानाचं तिकीटही ज्या शहरात उतरायचं तिथूनच परतीचं काढू नका. अॅमस्टरडॅमला उतरा, रोमहून निघा. बुकिंग साइटवर ‘मल्टी-सिटी’ हा पर्याय असतो आणि भाड्यात फार फरक पडतोच असं नाही. उलट्या प्रवासाचा अख्खा दिवस मात्र वाचतो.

बॅगेची परीक्षा घरीच घ्या. भरलेली बॅग उचलून आपल्या इमारतीचे तीन जिने न थांबता चढता आले तर ठीक, नाहीतर सामान कमी करा. व्हेनिसमध्ये चारशेहून जास्त पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या. प्रागच्या दगडी रस्त्यांवर चाकं रडतात. मदतीला हात दोनच, तेही तुमचेच.

व्हिसा: मिळाला म्हणजे झालं, असं नाही

शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) अर्ज कुठे करायचा हे ज्या देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते त्यावर ठरत नाही. जिथे सर्वांत जास्त रात्री राहणार, त्या देशाकडे अर्ज. रात्री सारख्याच असतील तर जिथे आधी उतरणार तिथे. फ्रान्सचा व्हिसा काढून सगळे दिवस इटलीत घालवणाऱ्यांना सीमेवर प्रश्न विचारले जाऊ शकतात.

स्टिकरवरच्या दोन तारखा पाहून खूश होऊ नका. त्याच्याजवळच राहण्याचे दिवस वेगळे छापलेले असतात आणि चालतात ते तेच. उतरल्याचा दिवस आणि निघण्याचा दिवस, दोन्ही पूर्ण धरतात. परतीचं विमान रात्री साडेबाराचं असेल तर तो आणखी एक दिवस होऊ शकतो! १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने शिक्क्यांच्या जागी बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी संगणकी नोंद सुरू झाली आहे, त्यामुळे जास्तीचा दिवस नजरेतून सुटेल ही आशा सोडा.

मध्येच दोन दिवस लंडन करून येऊ, असं म्हणणारे दोन गोष्टी विसरतात. ब्रिटनचा व्हिसा वेगळा. आणि शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर लंडनहून पॅरिसला परत येता येत नाही.

रेल्वे: सगळ्यात जास्त पैसे इथे गळतात

युरेल पास (अनेक देशांच्या रेल्वेचा एकत्रित पास) घेतला म्हणजे कुठल्याही गाडीत बसता येतं, हा गैरसमज फार पसरला आहे. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमधल्या बहुतेक गाड्यांना ते लागू पडतं. पण फ्रान्सची टीजीव्ही, युरोस्टार, इटली आणि स्पेनच्या वेगवान गाड्या यांना पासवरही आरक्षण लागतं, वेगळे पैसे पडतात, आणि युरोस्टारवर पासधारकांच्या जागा मोजक्याच असतात. पास आधी घेऊन जागा नंतर शोधू नका. आधी मार्ग ठरवा, प्रत्येक टप्प्याचं सुटं तिकीट दोन-तीन महिने आधी कितीला मिळतं ते पाहा, मग बेरीज करा. प्राग-व्हिएन्ना-बुडापेस्ट अशा मार्गावर सुटी तिकिटंच बहुधा स्वस्त पडतात.

स्वस्त तिकीट मात्र त्या एकाच गाडीला बांधलेलं असतं. जर्मनीत अशा तिकिटावर पुढचीमागची गाडी पकडलीत तर तिकीट नसल्यातच जमा. रेल्वेच्याच उशिरामुळे तुम्ही वीस मिनिटांहून जास्त उशिरा पोचणार असाल तर ते बंधन सुटतं. हे माहीत नसल्यामुळे लोक नवं तिकीट काढून मोकळे होतात.

आणखी एक फसगत शहरातल्या तिकिटांची. प्राग, व्हिएन्ना, बर्लिन इथल्या मेट्रोला फाटक नाही. कागदी तिकीट विकत घेणं पुरेसं नसतं, प्रवासाआधी ते यंत्रात घालून त्यावर वेळेचा छाप घ्यावा लागतो. प्रागमध्ये ही यंत्रं पिवळी, व्हिएन्नात निळी. इटलीतल्या प्रादेशिक गाड्यांच्या कागदी तिकिटालाही हेच. तपासनीस साध्या कपड्यांत असतात. ‘पर्यटक आहे, माहीत नव्हतं’ हे त्यांनी त्या दिवशी आधीच अनेकदा ऐकलेलं असतं. बर्लिनमध्ये दंड ६० युरो. पॅरिसमध्ये बाहेर पडेपर्यंत तिकीट टाकू नका, आणि मेट्रोचं साधं तिकीट विमानतळापर्यंत चालत नाही हेही लक्षात ठेवा.

स्टेशनचं पूर्ण नाव वाचा. व्हेनिसला मेस्त्रे हे मुख्य भूमीवरचं, सांता लुचिया हे बेटावरचं. पॅरिसला मोठी स्टेशनं अर्धा डझन आहेत. रात्रीच्या काही गाड्यांचे डबे वाटेत वेगळे होऊन वेगवेगळ्या शहरांना जातात, तेव्हा झोपण्याआधी आपल्या डब्यावरची पाटी बघून घ्या. उठवायला कुणी नाही.

कार्ड, ओटीपी आणि रुपयांचं आमिष

भारतीय कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असू शकतात, निघण्याआधी बँकेच्या अॅपमध्ये सुरू करून घ्या. तिकडचं सिम घालायचं म्हणून आपलं सिम काढून ठेवणं ही चूक फार जण करतात. मग तिकीट काढताना ओटीपी येतो तो डब्यात ठेवलेल्या सिमवर. डेटासाठी ई-सिम घ्या, भारतीय नंबर फोनमध्येच राहू द्या आणि एसएमएसपुरतं रोमिंग चालू ठेवा.

एटीएम किंवा दुकानातलं मशीन विचारतं: रुपयांत की स्थानिक चलनात? रुपये दिसले की बरं वाटतं, आणि तिथेच वाईट दर लागतो. कायम स्थानिक चलन निवडा. प्रागमध्ये कोरुना, बुडापेस्टमध्ये फोरिंट, झुरिकमध्ये फ्रँक चालतात. प्रागच्या रस्त्यावर ‘चांगला दर देतो’ म्हणत जवळ येणाऱ्याकडून काही घेऊ नका. हातात पडलेल्या नोटा दुसऱ्याच देशाच्या किंवा चलनातून बाद झालेल्या निघतात. यूपीआय आयफेल टॉवरला २०२४ पासून चालतं म्हणून सगळीकडे चालेल असं धरू नका.

दोन कार्डं घ्या आणि ती दोन वेगळ्या जागी ठेवा. थोडी नाणीही हवीत. स्टेशनवरच्या स्वच्छतागृहाला अनेकदा एक युरोपर्यंत पैसे लागतात.

सुट्टीचे वार

पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद. तिथलंच ओर्से आणि फ्लॉरेन्सचं उफीझी सोमवारी. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडून बाकी रविवारी. अॅमस्टरडॅममधल्या अॅन फ्रँकच्या घराची तिकिटं फक्त ऑनलाइन, दर मंगळवारी सहा आठवडे पुढची खुली होतात आणि पटापट संपतात. जर्मनी-ऑस्ट्रियात रविवारी किराणा दुकानं बंद असतात. मोठ्या स्टेशनमधली उघडी सापडतात. शाकाहारी असाल तर हे शनिवारीच आठवलेलं बरं. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं बदलतात. त्या दिवशी सकाळची गाडी असेल तर हातातल्या घड्याळावर विसंबू नका.

घोळ झालाच तर

खिसेकापूंबद्दल सगळेच सांगतात. बार्सिलोनाची ला राम्ब्ला, रोममधली तेर्मिनी ते व्हॅटिकन जाणारी ६४ नंबरची बस, पॅरिसच्या साक्रे-कर चर्चजवळ मनगटाला धागा बांधू पाहणारे लोक ही नावं ओळखीची झाली आहेत. एकट्याचा खरा धोका वेगळा असतो: फोन, पैसे आणि पासपोर्ट एकाच पाउचमध्ये. ते गेलं की सगळंच गेलं, आणि उसने द्यायला बरोबर कुणी नाही. हॉटेलचा पत्ता, घरचा एक नंबर आणि विम्याचा क्रमांक कागदावर लिहून बॅगेत ठेवा.

गाडी चुकली आणि चूक रेल्वेची असेल, तर एकाच तिकिटावरच्या पुढच्या प्रवासाची जबाबदारी साधारणपणे रेल्वेवर येते. दोन सुटी तिकिटं असतील तर दुसरं बुडालं म्हणून समजा. म्हणून सुट्या तिकिटांमध्ये दीड-दोन तास ठेवा. साठ मिनिटांच्या वर उशीर झाला तर भाड्याच्या २५ टक्के आणि दोन तासांवर ५० टक्के परत मागता येतात. अपवाद आहेत, पण अर्ज करायला काही जात नाही.

जीवावरचं संकट असेल तर ११२, सगळीकडे.

पासपोर्ट हरवला तर आधी पोलीस ठाणं, मग भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावास. व्हेनिसमध्ये हरवला तर मिलानला जावं लागतं, हे ऐन वेळी कळण्यापेक्षा आधी पाहून ठेवा. दूतावास आणीबाणीचं प्रमाणपत्र देतो, पण ते फक्त भारतात परतण्यापुरतं असतं. पुढची शहरं रद्द. विम्याचा दावा करायला पोलिसांच्या तक्रारीची प्रत लागेल, ती हातात आल्याशिवाय ठाण्यातून बाहेर पडू नका.