गो-लाइव्हआधी स्टोअरमध्ये जाऊन बसा

ईआरपीचं, म्हणजे कारखान्याची खरेदी, माल आणि हिशेब एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं, नवं काम हातात आलं की पहिले दोन दिवस मी स्टोअरमध्ये काढते. सवय लागली ती भोसरीतल्या एका कारखान्यामुळे. तिथे गोल बारची खरेदी किलोत व्हायची, मशीनला माल नगांत जायचा. एक नग सहा किलोचा, हे फक्त स्टोअरकीपरच्या वहीत पेन्सिलीनं लिहिलेलं. डेटा भरताना १,८०० किलो माल १,८०० नग म्हणून चढला. खरे नग होते ३००. ते संपले तेव्हा सिस्टीममध्ये १,५०० शिल्लक दिसत होते, म्हणून खरेदीची मागणीच निघाली नाही. लाइन दीड दिवस बंद राहिली.

तेव्हापासून मी आयटम मास्टरमधले, म्हणजे सिस्टीममधल्या मालाच्या मूळ यादीतले, ५० कोड काढते, ३० जास्त खपाचे आणि २० कुठलेही. यादी घेऊन थेट रॅकपाशी जायचं. कोड, एकक, शिल्लक स्वतः मोजायची. पाचांहून जास्त चुकले तर गो-लाइव्हची, म्हणजे नवी सिस्टीम सुरू करायची, तारीख पुढे ढकला, असं मालकांना स्पष्ट सांगते. मग स्टोअरमधल्या प्रत्येकाला विचारते, “दादा, तुमची कच्ची वही दाखवता?” जॉबवर्कला (बाहेर काम करून घ्यायला) गेलेला माल, रिवर्क (दुरुस्तीचा माल), उसने दिलेले नग सगळे तिथे सापडतात. वहीत आहे आणि सिस्टीममध्ये नाही, ते सगळं धोक्यांच्या यादीत घ्या.

यादीत ‘हाय, मीडियम, लो’ लिहून मला काही कळत नाही. प्रत्येक धोक्यापुढे लिहा: काय थांबेल, चूक किती तासांत लक्षात येईल, निर्णय कोण घेईल. तिथे माणसाचं नाव हवं, ‘आयटी टीम’ चालणार नाही. उशिरा लक्षात येणाऱ्या चुका यादीत सगळ्यात वर ठेवा. आमची बारची चूक तसलीच होती.

तारखेचा धोका वेगळा तपासा. अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेटच्या कंपनीनं ४८ महिन्यांचं काम ३० महिन्यांत आटपायचं ठरवलं आणि हॅलोविन या ऑक्टोबरअखेरच्या सणाच्या ऑर्डरी येत असतानाच, जुलै १९९९ मध्ये, नवी सिस्टीम सुरू केली. सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी पुऱ्या करता आल्या नाहीत. आपल्याकडे सगळ्यांना १ एप्रिल हवा असतो, आणि नेमकी तेव्हाच अकाउंट्सची माणसं मार्चअखेरीत बुडालेली असतात.

शेवटी एकदा रात्रपाळीला जा. दोन वाजता मालाची गाडी आली तर एंट्री कोण करतं, कुणाच्या लॉगिननं, ते बघा. ट्रेनिंग घेतलेली माणसं तेव्हा घरी असतात.