लॅनकार्डाचं नाव बदललं? ते पक्कं असं करा

लॅमिंग्टन रोडवरून आणलेलं दुसरं कार्ड बसवलं आणि लिनक्स सर्व्हरचं जुनं नेटवर्कही बंद पडलं, तर आधी ‘आयपी लिंक’ कमांडने नावं पाहा. ‘ईएनपी३एस०’ म्हणजे इथरनेट, पीसीआय बस ३, स्लॉट ०. नव्या कार्डामुळे बसचे क्रमांक सरकू शकतात. तेच पोर्ट ‘ईएनपी४एस०’ होतं, आयपीची सेटिंग मात्र जुन्या नावावरच राहते.

म्हणून नाव मॅक अ‍ॅड्रेसला, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या हार्डवेअर क्रमांकाला, बांधा. ‘/ईटीसी/सिस्टमडी/नेटवर्क’मध्ये ‘१०-लॅन.लिंक’ फाइल करा. ‘मॅच’ भागात मॅक अ‍ॅड्रेस, ‘लिंक’ भागात नवं नाव, जास्तीत जास्त १५ अक्षरी. ‘ईटीएच०’ मुळीच देऊ नका: कर्नल (लिनक्सचा गाभा) स्वतः तीच नावं वाटतो, टक्कर होते. उबंटूवर नेटप्लॅनमध्येही (तिथली नेटवर्क सेटिंग) नवं नाव घाला, इनिट्रॅमएफएस (बूट होताना आधी लोड होणारी फाइल) अपडेट करा, मग रीबूट. हे काम एसएसएचवरून (नेटवर्कमार्गे दुरून) नको, मशीनसमोर बसूनच करा.