गिझरचं पाणी कधी कढत, कधी गार? आधी विसण तपासा

आंघोळीला उभं राहावं, पाणी छान ऊन लागावं, डोक्याला साबण लावून होतोय तोच गार धार अंगावर यावी, आणि चाचपडत नळ फिरवला की चटका बसावा. असं दोन दिवस झालं की घरात निकाल लागतो: "गिझर गेला." मेकॅनिक येतो, थर्मोस्टॅट (पाणी पुरेसं तापलं की वीज तोडणारा भाग) बदलतो, पैसे घेऊन जातो. चार दिवसांनी पुन्हा तेच.

याचं कारण असं की पाणी तापणं वेगळं आणि तापलेल्या पाण्यात विसण, म्हणजे बेताचं करायला गार पाणी, पडणं वेगळं. बंबाच्या काळात विसण आपल्या हातात होतं. तोटीखाली कढत पाण्याची बादली, शेजारी गार पाण्याचं पिंप, हवे तेवढे तांबे घाला. आता ते काम भिंतीतला मिक्सर, म्हणजे गरम-गार एकत्र करणारा नळ, करतो, आणि तो कुठून किती गार पाणी घालतोय हे कुणाला दिसत नाही. माझ्या अनुभवात पाणी सारखं कमी-जास्त गरम येत असेल तर दोष बहुधा विसणात निघतो. पाणी मुळात तापतच नसेल, तर मात्र गिझरकडे बघायचं.

खालची तपासणी 15 किंवा 25 लिटरच्या साठवणीच्या इलेक्ट्रिक गिझरची आहे. गॅस गिझरचं दुखणं वेगळं, ते शेवटी.

पायरी 1: बादली आणि थर्मामीटर

स्वयंपाकघरात वापरायचा थर्मामीटर घ्या. तापाचा चालत नाही, तो 42 अंशांच्या आसपास संपतो. गिझर लावा आणि दिवा आपोआप विझेपर्यंत थांबा. मग बटण बंद करा. मिक्सरचा गार नळ पूर्ण बंद ठेवून फक्त गरम नळ सोडा. पहिलं लिटरभर पाणी नळीत थंडावलेलं असतं, ते मोजू नका. त्यानंतर स्टीलच्या मगात तीनदा मोजा: सुरुवातीला, पाव बादली भरल्यावर आणि अर्धी भरल्यावर.

तिन्ही आकडे जवळपास सारखे, 55 ते 60 च्या घरात आले, तर गिझर ठणठणीत आहे; दोष विसणात, तो पायरी 2 आणि 3 मध्ये शोधा. पहिला मगच कोमट निघाला किंवा दुसऱ्या-तिसऱ्यालाच आकडा धाडकन घसरला, तर पुढे चला.

इथेच एक हिशेब करून टाकू, कारण निम्म्या तक्रारी त्यातच मिटतात. 15 लिटर पाणी 60 अंशांवर आहे, विसणाचं पाणी 20 अंशांचं, आणि अंगावर हवं 40 चं. म्हणजे अर्धं-अर्धं. सगळं मिळून 30 लिटर, तेही कागदावर. प्रत्यक्षात टाकीत खालून गार पाणी शिरत असतं, त्यामुळे थोडं कमीच. दीड बादली धरा. शॉवरखाली निवांत उभं राहणाऱ्या मुलानंतर लगेच आत गेलेल्या बाबांना गार पाणी मिळालं, तर त्यात गिझरचा काही दोष नाही.

पायरी 2: गिझरचं तोंड बांधा

ही माझी सगळ्यात आवडती परीक्षा. पाच मिनिटं लागतात, पाना-पक्कड काही नको.

गिझरच्या खाली दोन नळ्या असतात. निळ्या खुणेची गार पाणी आत नेते, लाल खुणेची गरम पाणी बाहेर काढते. गिझरचं बटण बंद करा आणि निळ्या नळीवरचा अँगल कॉक, म्हणजे त्या नळीचं पाणी बंद करायची चावी, पूर्ण आवळा. आता बाथरूममधला गरम नळ सोडा. साठवणीच्या गिझरमध्ये गार पाणी खालून शिरतं तेव्हाच वरचं गरम पाणी बाहेर ढकललं जातं. आत येणं थांबलं की बाहेर जाणंही थांबायला हवं. धार काही क्षणांत बारीक होऊन बंद पडली, तर ठीक.

मिनिटभरानंतरही धार चालूच असेल, तर ते पाणी गिझरमधून येत नाहीये. घरातल्या कुठल्या तरी मिक्सरमधून गार पाणी गरम लाइनीत घुसतंय. चोर तोच.

आमच्याकडे हे कोडं तीन आठवडे चाललं होतं. थर्मोस्टॅट नवा बसला होता, तरी माझ्या बाथरूममध्ये पाणी मध्येच गार व्हायचं, तेही सकाळी आठनंतरच. शेवटी दोष सापडला पलीकडच्या बाथरूममध्ये. तिथे हँडशॉवर आहे, आणि त्याच्या दांडीवर पाणी थांबवायचं बटण आहे. आई आंघोळ झाली की ते बटण दाबायच्या; पाणी थांबलं म्हणजे नळ बंद झाला, असा त्यांचा सरळ हिशेब. भिंतीवरचे गरम-गार दोन्ही नळ मात्र उघडेच राहायचे. मिक्सरच्या पोटात दोन्ही लाइनी एकमेकींना मोकळ्या, आणि बाहेर पडायची वाट बंद! मी इकडे गरम नळ सोडला की गरम लाइनीतला दाब उतरायचा आणि तिकडचं गार पाणी मिक्सरमधून थेट माझ्या शॉवरला यायचं. आई आठला आंघोळ उरकायच्या, म्हणून आठनंतर. दोन्ही नळ बंद करायची सवय लागली आणि काम झालं.

तुमचा चोर शोधायचा तर बेसिन आणि सिंकखालचे गार पाण्याचे अँगल कॉक एकेक करून बंद करत जा. जो बंद केल्यावर धार थांबेल, तो मिक्सर दोषी. एका दांडीचा असेल तर आतलं कार्ट्रिज (गरम-गार जुळवणारा आतला भाग) गेलेलं असतं, दोन नळांचा असेल तर वायसर. भिंतीत गाडलेल्या डायव्हर्टरला, म्हणजे शॉवर की नळ हे ठरवणाऱ्या मिक्सरला, असा वेगळा कॉक नसतो. त्यासाठी प्लंबर बोलवावा लागेल. त्याला येतानाच सांगा की एनआरव्ही लागू शकतो, म्हणजे पाणी एकाच दिशेला जाऊ देणारा व्हॉल्व्ह.

पायरी 3: दाबाचा खेळ

गार लाइन प्रेशर पंपावर आणि गिझरची लाइन गच्चीवरच्या टाकीच्या नुसत्या उतारावर, अशी जोडणी वरच्या मजल्यांवर सर्रास दिसते. पंप चालू झाला की गार पाणी गरमला दाबून टाकतं. उलटही होतं: कुणी फ्लश ओढला, वॉशिंग मशीन पाणी घेऊ लागलं की गार लाइनीचा दाब उतरतो आणि अंगावर कढत पाणी येतं. खरा उपाय म्हणजे दोन्ही लाइनी एकाच ठिकाणाहून घेणं. तोवर गार बाजूचा अँगल कॉक अर्धा आवळून बघा. शॉवरची जाळीही काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा. भोकं क्षारांनी बुजली की बाहेर जाणारं पाणी अडतं आणि दोन लाइनींची आतली ढकलाढकली वाढते.

पायरी 4: घड्याळ लावा

आता गिझरकडे. 2000 वॉटच्या कॉइलला 15 लिटर पाणी 25 वरून 60 अंशांवर न्यायला साधारण 18 ते 20 मिनिटं लागतात, 25 लिटरला अर्धा तास. टाकी गार असताना गिझर लावा आणि दिवा विझेपर्यंतचा वेळ मोजा.

- दिवा पाच-सात मिनिटांत विझतो आणि पाणी कोमट: थर्मोस्टॅटचं तापमान ठरवायचं बटण कमीवर गेलंय का बघा. बरोबर असेल तर थर्मोस्टॅट खराब, किंवा त्याच्या नळीभोवती क्षार साचलेत.
- दिवा पाऊण तास विझतच नाही: कॉइलवर क्षारांचा थर असेल किंवा व्होल्टेज कमी असेल. 230 ऐवजी 190 व्होल्ट मिळत असतील तर कॉइलची ताकद जवळजवळ एक-तृतीयांशानं घटते.
- पाणी उकळल्यासारखं येतं आणि नंतर गिझर पूर्ण गप्प: थर्मोस्टॅट चिकटलाय आणि कटआउटनं, म्हणजे पाणी फार तापलं की चालणाऱ्या सुरक्षेच्या बटणानं, वीज तोडलीय. काही गिझरमध्ये तो पुन्हा दाबून चालू करता येतो, पण तसं करू नका. मेकॅनिकलाच बोलवा.

बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर क्षार येणारच. गिझर तापताना आतून तडतड आवाज येतो, तो त्यांचाच. अशा पाण्यावर दरवर्षी टाकी उघडून कॉइल साफ करून घ्या आणि आतला मॅग्नेशियमचा रॉड तपासायला सांगा. तो झिजतो म्हणून टाकी गंजत नाही.

खालचं झाकण स्वतः उघडू नका. नुसतं भिंतीवरचं बटण बंद करून भागत नाही, विजेची जोडणी उलटी असेल तर तारेत वीज राहते. एमसीबी पाडायला हवा. गिझर तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून दोन-चार थेंब पडले तर पडू द्या, पाणी तापून फुगतं. तिथे बूच मात्र कधीही ठोकू नका.

नव्या घरात किंवा प्लंबर येऊन गेल्यावरच हा त्रास सुरू झाला असेल तर नळ्यांची अदलाबदल झालीय का, हे सगळ्यात आधी बघा. गरम नळ सोडल्यावर निळ्या खुणेची नळी तापू लागली, तर जोडणी उलटी आहे.

गॅस गिझर असेल तर

इथे टाकीच नाही. पाण्याच्या दाबानं पडदा उचलला जातो तेव्हा आग लागते. धार मंदावली की आग विझते. म्हणून मिक्सरवर गार पाणी जास्त सोडलं की गरम लाइनीतली धार कमी होते, पाणी आधी चटके देतं आणि मग एकदम गार येतं. उपाय सोपा: मिक्सरवर विसण घालू नका, गिझरच्याच बटणांनी गॅस आणि पाणी जमवा. तेवढ्यानं भागलं नाही तर दोन्ही सेल बदला, पाणी आत येतं तिथली जाळी धुवा आणि सिलिंडर संपत आलाय का ते हलवून बघा. बऱ्याच गिझरमध्ये ठरावीक मिनिटांनी आग आपोआप बंद होते. तो बिघाड नव्हे.

आणि गॅस गिझर बंद बाथरूमच्या आत लावलेला असेल, तर पाण्याचं तापमान राहू द्या बाजूला. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि आंघोळ करणारा माणूस कडी लावून आत असतो. तो गिझर आधी बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर हलवा.