स्टायपेंडवाली रिसर्च इंटर्नशिप: मार्क असूनही अर्ज कुठे गळतो? या चुका टाळा

परीक्षा संपली की इंटर्नशिप शोधायची, हा आपल्याकडचा रिवाज. पण उन्हाळ्यातल्या जागांचे अर्ज हिवाळ्यातच सुटतात. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून दोन महिन्यांची समर रिसर्च फेलोशिप देतात, तिचे अर्ज साधारण नोव्हेंबरच्या सुमारास असतात. कुलाब्याच्या टीआयएफआरचा (टाटा मूलभूत संशोधन संस्था) व्हीएसआरपी हा उन्हाळी कार्यक्रमही उन्हाळ्याच्या बराच आधी अर्ज मागवतो. ज्यांचे दादा-ताई आयआयटीत आहेत त्यांच्या हे कानावर असतं. घरात पहिल्यांदाच कुणी बीएस्सी करत असेल तर सांगणारं कुणी नसतं, आणि कॉलेजचा नोटीसबोर्ड एटीकेटीच्या तारखांनी भरलेला. तेव्हा गणपती गेले की शोधायला लागा. दर आठवड्याला एकदा संस्थांच्या वेबसाइट स्वतः उघडून बघा. व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड येईपर्यंत तारीख उलटलेली असते.

फॉरवर्डवरून आठवलं. ‘रिसर्च इंटर्नशिप, सर्टिफिकेटसह, फक्त रजिस्ट्रेशन फी भरा’ असं काही दिसलं तर तिथेच थांबा. पैसे तुम्ही देताय की तुम्हाला मिळताहेत, एवढंच बघायचं.

मार्क चांगले असूनही सगळ्यात जास्त मुलं अडकतात ती कागदपत्रांत. जातीचा दाखला, जात वैधता आणि नॉन-क्रीमी लेयर हे तीन वेगळे कागद आहेत. टीआयएफआर, आयआयटी मुंबई, बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र) या केंद्राच्या संस्था. तिथे ओबीसी म्हणून अर्ज करायचा असेल तर दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो आणि बहुतेकदा चालू आर्थिक वर्षाचा. अॅडमिशनच्या वेळी काढलेला राज्याचा नॉन-क्रीमी लेयर दाखवला की अर्ज परत. विमुक्त आणि भटक्या जमातींतल्या अनेक जाती केंद्राच्या यादीत ओबीसीत आहेत. आपली आहे का ते आधी तपासा, तिथे व्हीजेएनटी (विमुक्त-भटक्यांचा राज्यातला गट) असा रकानाच नसतो. राज्याचा एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) दाखलाही केंद्रात चालत नाही. मराठा समाजातली मुलं निकषात बसत असतील तर त्यांच्यासाठी ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा, मार्ग आहे, पण तो दाखला वेगळा काढावा लागतो. ‘आपले सरकार’ पोर्टलवर अर्ज करून तहसील कचेरीतून कागद हातात यायला वेळ जातो, म्हणून हे काम दिवाळीच्या सुट्टीतच उरका. अपंगत्व असेल तर यूडीआयडी, म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र, तयार ठेवा. रॅम्प, लिफ्ट, स्क्रीन रीडर, जे लागेल ते अर्जातच लिहा. जागेवर गेल्यावर सांगितलं तर पहिले पंधरा दिवस त्यातच जातात.

इंटर्नशिपला प्रत्येक ठिकाणी आरक्षण असतंच असं नाही. काही ठिकाणी फक्त ‘मुली आणि वंचित घटकांतील विद्यार्थ्यांनी जरूर अर्ज करावा’ एवढीच ओळ असते. ती शोभेची समजून सोडून देऊ नका. आणि रकाना असेल तर तो भरा. कोट्यातून आला म्हणतील या भीतीने रिकामा ठेवणारी हुशार मुलं दरवर्षी भेटतात, आणि त्यांचा मला खरंच राग येतो.

आता अर्जासोबत स्वतःबद्दल लिहायचं निवेदन. अर्धं पान गरिबीवर आणि शेवटी ‘मला संशोधनाची आवड आहे’, असे अर्ज ढिगाने येतात. परिस्थिती दोन ओळींत सांगा, तिचा संदर्भ लागतोच. पण वाचणाऱ्याला हवं असतं तुम्ही काय केलंत ते. ‘वडिलांचं सलून आहे, घरी अभ्यासाला जागा नव्हती’ इथे थांबू नका. त्याच सलूनचा तीन वर्षांचा हिशेब तुम्ही एक्सेलमध्ये मांडला असेल आणि कोणत्या महिन्यात धंदा का पडतो ते शोधलं असेल, तर तेच लिहा. अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्राच्या अर्जात याचं वजन टॉपरच्या मार्कांइतकं पडू शकतं. हो, संशोधन म्हणजे नुसती लॅब नव्हे. देवनारला टीआयएसएस (टाटा समाजविज्ञान संस्था) आणि लोकसंख्या विज्ञान संस्था शेजारीशेजारी आहेत.

प्राध्यापकांना ईमेल करताना तर कहरच होतो. ‘रिस्पेक्टेड सर, आय अॅम व्हेरी पॅशनेट अबाउट रिसर्च’ असं लिहून चाळीस जणांना एकाच वेळी सीसी. चाळीसही जण ती यादी बघतात आणि चाळीसही जण डिलीट करतात. त्यापेक्षा असं लिहा: ‘मी एमएस्सी भाग एकला, सूक्ष्मजीवशास्त्र. ठाणे खाडीच्या पाण्यातून जिवाणू वेगळे करण्याचा छोटा प्रकल्प केला. तुमच्या खारफुटीवरच्या पेपरात नमुने भरतीच्या वेळीच का घेतले, हे समजलं नाही. मे-जूनचे आठ आठवडे मी मोकळी आहे.’ बस. इंग्रजी साधं असलं तरी चालतं. मार्कशीट पीडीएफमध्ये जोडा, फोनवर काढलेला तिरका फोटो नको.

शिफारसपत्र शेवटच्या संध्याकाळी मागू नका. लिहिणाऱ्याच्या बाजूने सांगायचं तर, शंभर मुलांच्या वर्गातल्या तुमच्याबद्दल मला काय आठवणार? एका पानावर प्रकल्प, मार्क, कुठे अर्ज करताय आणि का, हे लिहून द्या. पोर्टलवरून शिक्षकांना जाणारी लिंक बऱ्याचदा स्पॅममध्ये पडते, दोन दिवसांनी आठवण करा. काही ठिकाणी शिक्षकांचा कॉलेजचा ईमेलच लागतो, जीमेल घेत नाहीत. तो चालू आहे का, ते आधी विचारा.

पैशाचं गणित मात्र मुंबईत वेगळंच करावं लागतं. स्टायपेंडचा आकडा बघण्याआधी हॉस्टेल मिळणार का ते बघा. मिळणार नसेल तर प्रवास मोजा. कल्याणच्या मुलीला मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात रोज यायचं तर कुर्ल्याला उतरून हार्बर पकडावी लागते, आणि विद्यार्थी सवलतीचा पास असतो घर ते कॉलेज एवढाच. इथे पूर्ण दराचा पास. त्यात स्टायपेंड अनेक ठिकाणी रिपोर्ट दिल्यावर, म्हणजे शेवटी मिळतो. पहिल्या महिन्याचा पास आणि डबा कोणाच्या खिशातून, हे आधी ठरवा. संस्थेला आगाऊ काही मिळेल का असं विचारण्यात लाज नाही. बँक खातं स्वतःच्या नावाचं हवं. शाळेत काढलेलं जुनं खातं दोन वर्षं व्यवहार नसल्याने निष्क्रिय झालेलं असू शकतं, आणि आधार व मार्कशीटवरच्या नावांत फरक असला की पैसे अडकतात.

केंद्राची विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठीची इन्स्पायर शिष्यवृत्ती मिळत असेल तर एक लक्षात ठेवा: वर्षाच्या 80,000 रुपयांपैकी 20,000 उन्हाळी संशोधन प्रकल्पाशी जोडलेले आहेत. मार्गदर्शक गाठून प्रकल्प करायचा असतो, नाहीतर ते हातचे जातात.

निवड झाल्यावर कॉलेजची एनओसी (ना-हरकत पत्र) लगेच मागा. हे काम ऑन जॉब ट्रेनिंगच्या क्रेडिटमध्ये धरतील का, तेही लेखी विचारून घ्या. विद्यापीठाची परीक्षा पुढे ढकलली गेली तर संस्थेला त्याच दिवशी कळवा. आणि दोन ठिकाणी निवड झाली असेल तर जिथे जाणार नाही त्यांना आठवड्याच्या आत नकार द्या. वेटिंगवरचा मुलगा तिकडे रोज स्पॅम फोल्डर उघडून बघत असतो.