प्ली बार्गेनिंगचा अर्ज टाकण्याआधी

"मॅडम, कबूल करून टाकतो, तारखांना कंटाळलो" असं अशील म्हणाला की मी आधी कलम बघते. गुन्हा तडजोडीने मिटणारा असेल तर प्ली बार्गेनिंगचं, म्हणजे गुन्हा कबूल करून कमी शिक्षा मिळवण्याचं, नावही काढू नका. तडजोडीत निर्दोष सुटका होते. प्ली बार्गेनिंगमध्ये शिक्षा घटते, पण दोषसिद्धी कायमची नावावर बसते. नोकरीच्या फॉर्ममधला तो रकाना पुढे फार छळतो.

सात वर्षांहून जास्त शिक्षेचा गुन्हा, स्त्री किंवा बालकाविरुद्धचा गुन्हा आणि सरकारने अधिसूचित केलेले सामाजिक-आर्थिक गुन्हे प्ली बार्गेनिंगमध्ये बसत नाहीत.

मुदत मात्र डायरीत लाल शाईने लिहा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 290 प्रमाणे आरोप निश्चित झाल्यापासून 30 दिवसांत अर्ज करायचा, तोही खटला चालू आहे त्याच कोर्टात. सोबत आरोपीचं प्रतिज्ञापत्र: शिक्षा किती होऊ शकते हे समजून, स्वखुशीने अर्ज करतोय आणि याच गुन्ह्यात पूर्वी शिक्षा झालेली नाही. हे त्याला वाचून दाखवा, नुसती सही घेऊ नका. कारण न्यायाधीश त्याला बंद दालनात, समोरच्या पक्षाला बाहेर ठेवून विचारतात. तिथे "वकिलांनी सांगितलं म्हणून" असं उत्तर आलं की अर्ज संपला.

मग बोलणी, जास्तीत जास्त 60 दिवस. पोलीस केसमध्ये सरकारी वकील, तपास अधिकारी, पीडित आणि आरोपी एकत्र बसतात. भरपाईचा आकडा आधी घरच्यांशी बोलून ठरवा. बैठकीत चाचपडलात तर समोरच्याचा विश्वास उडतो.

हिशोब असा. निष्काळजीपणाने गाडी चालवून मृत्यू झाला, तर कमाल शिक्षा पाच वर्षं. कोर्ट तिचा चौथा हिस्सा, म्हणजे पंधरा महिने देऊ शकतं. पहिलाच गुन्हा असेल तर सहावा हिस्सा, दहा महिने. कायद्यात किमान शिक्षा ठरलेली असेल तर तिच्या निम्मी, पहिल्या गुन्ह्याला पाव. प्रोबेशनही, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटका, मागता येतं, आणि ते मागायला विसरणारे वकील मी पाहिलेत.

निकालावर नेहमीचं अपील नाही. उरतात फक्त हायकोर्टात रिट आणि सुप्रीम कोर्टात विशेष अनुमती याचिका. बोलणी फिसकटली तर खटला पुढे चालतो, पण अर्जातली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही.

आत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात. कारागृहाचा दाखला निकालाआधीच मागवून ठेवा.